हवा किती मारू?

व्हर्नियरचे दोन जबडे टायरच्या दोन्ही कुशींना हलकेच टेकतात. काका चष्मा कपाळावर सरकवतात, पट्टी डोळ्यांजवळ नेतात आणि म्हणतात, "एकतीसला जरासं कमी. एकतीसच धर."

टायरच्या कुशीवर मात्र 30-622 असं छापलेलं आहे. 622 हा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये, आणि 30 ही टायरची रुंदी. मग हा एक मिलिमीटर वाढला कुठून, असं सायकलची मालकीण विचारते. काका जुनं चाक खुंटीवरून काढून नव्या चाकाशेजारी धरतात. जुन्या रिमची आतली रुंदी 17 मिलिमीटर आहे, नवीची 23. रिमचे काठ एकमेकांपासून जितके लांब, तितक्या टायरच्या कडा लांब बसतात आणि हवा भरल्यावर तोच टायर अंगाने रुंद होतो. छापील आकड्यावर हिशेब करायचा नाही, मोजलेल्यावर करायचा, हे काका तिला सांगत नाहीत; ते फक्त पाटीवर खडूने 31 लिहितात आणि खाली रेघ ओढतात.

सकाळचे साडेसहा वाजताहेत. नारायण पेठेतलं काकांचं हे सायकलचं दुकान एरवी नऊला उघडतं, आज तिच्यासाठी शटर अर्ध्यावर आहे. काकांच्या वडिलांच्या काळी इथे तासाच्या भाड्याने सायकली मिळत. त्या सायकलींच्या नंबरांच्या पत्र्याच्या पट्ट्या अजून मागच्या भिंतीला आहेत, आणि त्यांच्याखाली आता एकेका सायकलीला लाखभर रुपये मोजणाऱ्यांची नवी चाकं टांगलेली असतात. काकांचा भाचा कोपऱ्यात कंप्रेसरची टाकी भरतोय. मी पंक्चरच्या घमेल्याशेजारच्या स्टुलावर बसून बघतोय.

ती बँकेत नोकरी करते आणि पहाटे खडकवासल्यापर्यंत, सुट्टीच्या दिवशी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल मारते. येत्या रविवारी तिची 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी आहे. साडेतेरा तासांत पुरी करायची, साताऱ्याच्या दिशेने खंबाटकी घाट ओलांडून जायचं आणि परत यायचं. आधीची चाकं अ‍ॅल्युमिनियमची होती, त्यांवर 25 चा टायर, आत ट्यूब. कालच आलेली ही चाकं कार्बनची आहेत, टायर 30 चा आणि ट्यूब नाहीच.

"काका, आधी मी शंभर मारायचे. आतापण शंभरच ना?"

"बोट घाल इथे," काका म्हणतात.

ती जुन्या रिमच्या आतल्या काठावरून तर्जनी फिरवते. काठ आतल्या बाजूला वळलेला आहे, बोटाच्या पेराला अडतो. टायरची कड त्या वळणात अडकून राहते. मग ती अजून टायर न चढवलेल्या दुसऱ्या नव्या रिमवरून बोट फिरवते. बोट कुठेच अडत नाही, काठ सरळ उभा आहे. हुकलेस रिम म्हणतात ती हीच. इथे टायरला धरून ठेवतं ते फक्त त्याच्या कडेचं घट्ट माप. हवा जास्त झाली की कड ताणली जाते आणि तिला अडवायला काठाला काहीच नसतं.

"शंभर मारलीस तर टायर रिमवरून सुटू शकतो," काका म्हणतात. "इथे सुटला तर नुसता आवाज होईल. घाट उतरताना सुटला तर?"

भाचा कंप्रेसर बंद करतो. दुकान एकदम शांत होतं.

हुकलेस रिमवर 5 बारच्या वर जायचं नाही, हा या धंद्यातला आंतरराष्ट्रीय नियम आहे. 5 बार म्हणजे 72.5 पीएसआय. रिमवरच्या बारक्या स्टिकरवर तो लिहिलेला आहे. टायरवर दोन आकडे आहेत: हुकवाल्या रिमसाठी 94, हुकलेससाठी 73. दोन ठिकाणी दोन कमाल आकडे असतील तर कमी असलेला पाळायचा. 2024 च्या फेब्रुवारीत यूएई टूर या सायकल शर्यतीत बेल्जियमचा थॉमस दे गेंट पडला आणि त्याच्या पुढच्या हुकलेस रिमवरून टायर सुटला, तेव्हा जगभरच्या सायकलवाल्यांत यावरची चर्चा तापली. ती चर्चा काकांना माहीत आहे. मला त्यांचं हे फार आवडतं की ते नव्या चाकांना नावं ठेवत नाहीत. रिम कोणतीही आण, तिची हद्द वाच, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. गिऱ्हाइकाला न विचारता, स्टिकर न वाचता प्रत्येक चाकात ठोकून हवा भरणारी दुकानं मी पाहिली आहेत. ती लोकांच्या जिवाशी खेळतात, असं मी अगदी गंभीरपणे म्हणतो.

आता या दुसऱ्या चाकावर टायर बसवायचा आहे. भाचा रिमच्या दोन्ही काठांना ब्रशने साबणाचं पाणी लावतो. बारीक भोकं बुजवणारं पांढरं सीलंट, पातळ ताकासारखं, बाटलीच्या नळीने व्हॉल्व्हमधून आत जातं. अमोनियाचा वास नाकात झणकन चढतो. चाक एकदा गोल फिरवून तो नोजल लावतो आणि काकांकडे बघतो.

"साठाच्या पुढे काटा गेला तर हात काढ," काका म्हणतात. "बसवतानासुद्धा हद्द ओलांडायची नाही."

हवा एका झटक्यात आत जाते. टायर आधी आळसावल्यासारखा हलतो, मग टक्, आणि लगेच दुसरी टक्, जरा मोठी. दोन्ही कडा जागेवर बसल्या. साबणाचे बुडबुडे काठाशी फुटतात आणि थांबतात. काका चाक फिरवून टायरच्या कुशीवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघतात. एका जागी ती आत गेलेली दिसते. हवा सोडून, पुन्हा पाणी लावून, पुन्हा भरतात. या वेळी रेघ सारखी.

"मामा, आता किती ठेवू?" भाचा विचारतो.

"थांब. आधी काटा आण."

काटा म्हणजे घरातला, माणसाने उभं राहायचा वजनकाटा. तो पुढच्या चाकाखाली जातो, मागच्या चाकाखाली तितक्याच उंचीची फळी. सायकलीला रविवारचीच पिशवी बांधलेली आहे, दोन्ही बाटल्या भरलेल्या आहेत. ती भिंतीला कोपर टेकवून सीटवर बसते, हात ब्रेकच्या मुठींवर. काटा 30 किलो दाखवतो. मग काटा मागे, फळी पुढे. 42. ती 58 किलोची आहे, सायकल साडेनऊची, उरलेलं सामान आणि पाणी. बेरीज 72, जुळते. म्हणजे पुढच्या चाकावर सुमारे चाळीस टक्के, मागच्यावर साठ.

"मग दोन्हीत सारखी हवा कशाला मारायची?" ती स्वतःशीच म्हणते.

काका पाटीवर 30 आणि 42 लिहितात. आणि आता ते जे करतात ते पाहायला मी एवढ्या सकाळी आलोय.

भाचा शाईचा पॅड आणतो, रबरी शिक्क्यांसाठी असतो तसा. तिची जुनी चाकं टायर-ट्यूब घालून तात्पुरती सायकलीला चढवतात, मागच्यात शंभर भरतात, टायरच्या खालच्या भागाला शाई फासतात आणि जमिनीवर आलेखाचा कागद ठेवतात. भाचा सीटखाली हात घालून मागचं चाक उचलून धरतो, ती बसते, तो चाक हळूच कागदावर टेकवतो, ती क्षणभर थांबते आणि उतरते. कागदावर निळा, लांबट, पानाच्या आकाराचा ठसा उमटलेला असतो. काका पेन्सिलीच्या टोकाने चौकोन मोजतात. अर्धे चौकोन जोडीने धरतात. सहा चौरस सेंटिमीटर, थोडे इकडेतिकडे.

मग नवं चाक, साठ पीएसआय, नवा कागद. ठसा आधीपेक्षा लांब आणि रुंदही. पुन्हा मोजणी. दहाच्या आसपास.

"बघ," काका म्हणतात. "तुझं वजन आतली हवाच उचलते. मागे बेचाळीस किलो. शंभर पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सात किलो. बेचाळीसला सातने भाग."

"सहा."

"साठ म्हणजे चार पूर्णांक दोन."

ती भागाकार न सांगता दुसऱ्या कागदावर बोट ठेवते.

शाळेत शिकलेला दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हा धडा असा निळ्या शाईत, पेठेतल्या फरशीवर उमटलेला मी पहिल्यांदा पाहतोय. टायरच्या कापडाचा ताठरपणा थोडं वजन उचलतो, म्हणून आकडे तंतोतंत येत नाहीत. पण इतके जवळ येतात की मुलांना हाच प्रयोग करून दाखवावा असं वाटतं.

आकड्यांची दुसरी बाजूही आहे. टायरच्या कापडावर पडणारा ताण हा दाब आणि टायरची त्रिज्या यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. म्हणून तोच दाब रुंद टायरला जास्त कडक करतो. 25 च्या टायरात शंभर असताना कापडावर जितका ताण होता, तितकाच ताण 31 च्या टायरात 80 पीएसआयलाच येतो. म्हणजे ही चाकं हुकलेस नसती, नियमाची भिंत मध्ये नसती, तरी शंभर हा आकडा इथे चुकीचाच होता. चाक बदललं की जुना आकडा विसरायचा.

काका अंगठ्याने नवा टायर दाबतात, मग जुना. तिला दाबायला लावतात. तिला दोन्ही सारखेच कडक लागतात, साठ आणि शंभर. जुन्या पिढीचा अंगठा मात्र तयार असायचा, आणि त्याला कारण होतं. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये वॉलट्यूब असते, रबराची बारीक नळी. ती हवेला आत येऊ देते आणि बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेरून गेज लावून आतला दाब कळतच नाही. मोजायची सोय नाही म्हणून अंगठा शिकला. मागे कुणी डबलसीट बसणार का, एवढंच विचारून काकांचे वडील पंपाचे आणखी चार-पाच दणके द्यायचे. हवा वजनाप्रमाणे असते हे त्यांना ठाऊकच होतं. शंभर हा सगळ्यांचा आकडा नंतर कधीतरी गेजबरोबर आला.

आता रस्ता. नवी दोन्ही चाकं सायकलीला लागतात. काका मागे 68 आणि पुढे 62 भरतात. फ्रँक बर्टो नावाच्या अमेरिकन अभियंत्याने खूप पूर्वी वजन, टायरची रुंदी आणि दाब यांचा आलेख काढला होता. माणूस बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे पंधरा टक्के दबावा, हा त्याचा हिशेब. काका मुद्दाम त्याच्या वरून सुरुवात करतात. फेरी ठरलेली आहे: गल्लीतले पेव्हर ब्लॉक, अलका टॉकीजच्या चौकापर्यंत डांबर, शास्त्री रस्त्यावर चेंबरच्या झाकणांची रांग, आणि परत. प्रत्येक वेळी हीच फेरी, हाच वेग.

ती जाते. रस्त्यावर दूधवाले आणि पेपरवाले आहेत, बाकी मोकळं. काही मिनिटांत परत येते.

"मस्त पळते. पण चेंबरवर हिसका बसतो. हात थरथरतात."

मागे 60, पुढे 55. ती पुन्हा जाते. मी या वेळी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघतो. पेव्हर ब्लॉकवरून येताना मघाशी चाक दर दगडागणिक उडत होतं, त्याची टिकटिक लांबून ऐकू येत होती. आता ती टिकटिक बोथट झाली आहे.

"हळू वाटते," ती म्हणते.

"जुन्या चाकांवर तळहाताला मुंग्या यायच्या?" काका विचारतात.

"यायच्या. लोणावळ्याला गेले होते तेव्हा तर फार."

"ती तुझीच ताकद होती गं. पायाने घालायचीस, हाताने वाया जायची."

हे समजून घ्यायला मला वेळ लागला होता, म्हणून इथे जरा थांबतो. गुळगुळीत लोखंडी ड्रमवर टायर फिरवला तर हवा जितकी जास्त तितका तो हलका फिरतो. सगळ्यांचा भरवसा त्या प्रयोगावर होता. पण रस्ता म्हणजे ड्रम नाही. कडक टायर खडीचा प्रत्येक उंचवटा गिळण्याऐवजी सायकल आणि माणूस दोघांना वर फेकतो, आणि वर जायला लागलेली ताकद पुढे जायच्या ताकदीतूनच कापली जाते. अंगाचे स्नायू ती थरथर शोषून घेतात आणि तिची उष्णता होते. सिअ‍ॅटलच्या यान हाइने यांनी रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यांवर सायकल चालवून, पायांची ताकद मोजून हे दाखवून दिलं. रस्ता जितका खराब, तितका योग्य आकडा खाली येतो. त्या आकड्याच्या जरा खाली गेलं तर थोडंच नुकसान होतं. वर गेलं तर ते भराभर वाढतं. पुण्याच्या रस्त्यांना हे लागू पडतं हे वेगळं सांगायला नको. हिसक्यांमुळे आपण जोरात जातोय असा भास होतो, आणि हिसके थांबले की हळू वाटतं.

मागे 55, पुढे 50.

या वेळी ती परत येते तेव्हा काही बोलत नाही. सायकल भिंतीला न लावता पुन्हा वळते आणि आपण होऊन दुसरी फेरी मारून येते.

"ही," ती म्हणते.

काका मान हलवतात, पण समाधान मानत नाहीत. "आता चूक करून बघ." मागे 44, पुढे 40. तिला चौकातल्या वळणावर जरा झुकून जायला सांगतात. ती येते तेव्हा चेहरा उतरलेला असतो. वळताना मागचं चाक अंगाखालून सरकल्यासारखं झालं, टायर रिमच्या मागे राहतो असं वाटलं. आणि शास्त्री रस्त्यावरच्या एका चराच्या कडेवर ठक्क असा आवाज आला.

"रिम टेकली," काका म्हणतात आणि लगेच खाली बसून मागच्या रिमचा काठ नखाने तपासतात. ट्यूब असती तर दोन्ही बाजूंनी एकेक भोक पडलं असतं. ट्यूब नाही म्हणून पंक्चर नाही. पण कार्बनच्या काठाला तडा गेला तर ते पंक्चरहून महाग. नख कुठे अडत नाही. "वाचलीस. पण आता खालची हद्द तुला कळली. वरची स्टिकरवर आहे, खालची तुझ्या कानात."

हवा पुन्हा 55 आणि 50 होते. पुढे वजन इतकं कमी असताना 50 का, 40 का नाही, हे ती विचारतेच. काका सायकल धरून पुढचा ब्रेक दाबतात आणि सीटवर मागून जोर देतात. पुढचा टायर डोळ्यांदेखत फुगीर होऊन जमिनीला पसरतो. ब्रेक मारला की मागचं वजन पुढे येतं. खंबाटकी उतरताना पुढच्या चाकावर तीसच किलो राहणार नाहीत.

साडेआठ होत आलेत. ऊन गल्लीत उतरलंय. भाचा मास्किंग टेप फाडून फ्रेमच्या आतल्या बाजूला चिकटवतो आणि काका सांगतात ते मार्करने लिहितो: पुढे 50, मागे 55, पहाटेची. पहाटेची हा शब्द काका दोनदा म्हणतात. पंचवीस अंशांना भरलेले 55 पीएसआय दुपारी चाळीस अंशांच्या डांबरावर साडेतीन तरी वाढतात. हवा तेवढीच असते, तापून जोर करते. ते वाढले म्हणून वाटेत सोडायचे नाहीत, नाहीतर संध्याकाळी टायर मऊ पडतो. पाऊस लागला तर दोन्हीत दोन-दोन कमी करायचे, पकड वाढते. पिशवीत आणखी सामान भरलं तर मागे दोन वाढवायचे, पुढे काही नाही. चाकं परत बदलली तर ही टेप उपटून टाकायची.

ती मोबाइलवर टेपचा फोटो काढते. मग विचारते, "घरच्या पंपाला काटा आहे. त्यावरच बघू ना?"

काका तिच्या पंपाचा काटा पाहायला मागतात. पंप गाडीच्या डिकीत आहे. ती घेऊन येते. त्यांच्या डिजिटल गेजवर 55 असताना तिच्या पंपाचा काटा 61 दाखवतो. पुन्हा लावून बघतात, पुन्हा 61. ती गप्प होते. म्हणजे इतकी वर्षं शंभर म्हणून भरलेली हवा शंभर नव्हतीच.

"म्हणून हा घेऊन जा," काका गेज तिच्या हातात ठेवतात. "रविवारी पहाटे याच्यावरच मोज. लावताना-काढताना फुस्स होतं तेवढी हवा जाते, ती धरूनच आपण आकडे घेतलेत."

"याचे किती झाले, काका?"

"गेजचे नाही घेणार, परत आणून द्यायचाय. फिटिंगचे आणि सीलंटचे भाचा सांगेल. आणि हे बघ, उतारावर दोन-तीन वळणं नीट लक्ष देऊन घे. पुढचं चाक आत खेचतं का बाहेर पळतं, ते मला सोमवारी येऊन सांग. मग पुढे एकदोन कमी-जास्त करून बघू."